टीएचसीए म्हणजे नेमकं काय, आणि कन्सन्ट्रेटचं लेबल कसं वाचायचं

डिसेंबरच्या सुट्टीत घरी यायच्या दोन आठवडे आधी भाच्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तो टेक्सासला एमएस करतोय. फोटोत काचेची छोटी बरणी, अंगठ्याएवढी, आत खडीसाखरेसारखे पारदर्शक खडे आणि खाली काकवीसारखा पिवळसर चिकट रस. खाली मेसेज, मामा हे इकडे दुकानात उघड मिळतं, हेम्प आहे, लीगल आहे, रूममेट म्हणतो हे टीएचसीए आहे टीएचसी नाही त्यामुळे नशा बिशा नाही, येताना आणू का, तुला लॅबच्या दृष्टीने इंटरेस्टिंग वाटेल. टीएचसी म्हणजे गांजा-भांगेच्या झाडातला नशा आणणारा मुख्य पदार्थ, आणि हेम्प म्हणजे त्याच झाडाची नशेची नसलेली जात.

मी ताबडतोब फोन केला. आणू नकोस, हे आधी सांगितलं, आणि मग कारण सांगत बसलो तर सव्वा तास गेला. मी भोसरीला एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे, रोजचं काम एचपीएलसीवर, म्हणजे एखाद्या गोळीत किंवा पावडरमध्ये कुठला पदार्थ किती आहे ते मोजायचं. कॅनाबिस, म्हणजे हे गांजा-भांगेचं झाड, आमच्याकडे येत नाही पण रिपोर्ट वाचायची सवय हाडात मुरलेली असते. त्या फोननंतर त्याच्या दोन मित्रांनी तेच विचारलं, मग बिल्डिंगमधल्या एका काकूंनी विचारलं कारण त्यांच्या मुलाच्या बॅगेत तसल्या गमीजचं, म्हणजे चघळायच्या जेलीच्या गोळ्यांचं, पाकीट सापडलं होतं, म्हणून आता सगळं एकदा लिहूनच काढतोय. वापरा असं मी सांगत नाहीये, भारतात तर हे सरळ गुन्ह्यात मोडतं, त्याबद्दल पुढे येतोच. पण मुलं तिकडे शिकायला जातायत, हा माल त्यांच्यासमोर काउंटरवर मांडलेला आहे, आणि लेबलवरचा आकडा समजला नाही तर फसायला होतं.

झाड टीएचसी बनवतच नाही

बहुतेकांना हे ऐकून धक्का बसतो पण खरं आहे. ताज्या हिरव्या झाडात टीएचसी अगदी नावापुरतं असतं. झाड बनवतं टीएचसीए. शेवटचा ए म्हणजे ॲसिड, आम्ल. मादी झाडाच्या फुलांवर बारीक केसासारख्या ग्रंथी असतात, ट्रायकोम म्हणतात त्यांना, भिंगातून बघितलं तर टाचणीच्या डोक्यासारखा गोळा दिसतो आणि त्यात चिकट राळ भरलेली असते. त्या राळेत आधी सीबीजीए नावाचं आम्ल तयार होतं, मग वेगवेगळी एन्झाइम्स त्यातून कुठे टीएचसीए, कुठे सीबीडीए, कुठे सीबीसीए बनवतात. कुठल्या झाडात कुठलं एन्झाइम जोरात आहे त्यावर ते झाड नशेचं ठरतं की दोराचं, म्हणजे हेम्पचं.

टीएचसी आणि टीएचसीए यांच्यात फरक एकाच तुकड्याचा आहे. टीएचसीएच्या रेणूला एक कार्बोक्झिल गट चिकटलेला असतो, एक कार्बन, दोन ऑक्सिजन, एक हायड्रोजन, बास. आपल्या मेंदूत सीबी१ नावाचे रिसेप्टर आहेत, टीएचसी त्यांच्यात कुलपात किल्ली बसावी तसं बसतं आणि नशा होते. टीएचसीएची किल्ली त्या जादाच्या तुकड्यामुळे त्या कुलपात नीट जात नाही, शिवाय रक्तातून मेंदूत शिरायलाही त्याला अवघड जातं. म्हणून कच्चं पान चावून खाल्लं तर सहसा काही चढत नाही. रूममेटचं म्हणणं इथपर्यंत बरोबर आहे, आणि नेमकी इथेच माणसं थांबतात.

हे रिसेप्टर आपल्या शरीरात काय करतायत असं वाटेल, तर आपलं शरीर स्वतःच त्यांच्यासाठी एक पदार्थ बनवतं. इस्रायलमध्ये राफाएल मेशुलाम यांनी येहिएल गाओनी यांच्याबरोबर १९६४ साली टीएचसी शुद्ध रूपात वेगळं काढून त्याची रचना दाखवली, आणि पुढे १९९२ मध्ये मेशुलाम यांच्याच लॅबमध्ये हा शरीरातला पदार्थ सापडला, त्याचं नाव ठेवलं आनंदमाइड. होय, आपल्या संस्कृत आनंदवरूनच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा फार छान वाटलं होतं, आजही वाटतं.

खरा खेळ उष्णतेचा

आता तो जादाचा तुकडा काढायला काय लागतं? फक्त गरम करायचं. शंभर अंश सेल्सिअसच्या वर गेलं की टीएचसीएमधून तो गट कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि मागे राहतं टीएचसी. याला डीकार्बोक्सिलेशन म्हणतात, तिकडची पोरं नुसतं डीकार्ब म्हणतात. ढोकळ्यात खायचा सोडा गरम झाला की त्यातून जो वायू सुटतो आणि ढोकळा फुगतो तो हाच कार्बन डायऑक्साइड. रसायन वेगळं आहे पण घरात रोज दिसणारी गोष्ट म्हणून सांगितलं, उष्णता लागली की वायू निघून जातो आणि जे उरतं ते आधीचं नसतं.

पेटवलेल्या टोकाशी किंवा तापलेल्या कॉइलवर हे एका क्षणात होतं. ओव्हनमध्ये अर्धा पाऊण तास लागतो. आणि नुसतं कपाटात ठेवलं तरी होतं, फक्त फार हळू, महिनोन्महिने, उन्हात ठेवलं तर लवकर. फार गरम केलं किंवा फार दिवस ठेवलं की टीएचसीचंही पुढे सीबीएन नावाचं दुसरं द्रव्य होतं, ते बरंच सौम्य.

म्हणजे बरणीवर टीएचसीए लिहिलंय म्हणून नशा नाही असं म्हणणं म्हणजे बाटलीत पेट्रोल आहे पण ते अजून पेटलेलं नाही म्हणून सुरक्षित असं म्हणण्यासारखं आहे. ती बरणी घेणारा माणूस ते खडे चघळणार नाहीये, तो ते तापवणारच आहे, वस्तूच त्यासाठी बनवलीय. आपल्याकडचा चरस घ्या. हिमाचलमधल्या मलाण्याकडे हिरव्या झाडाच्या फुलांवर हात चोळून चोळून जी राळ काढतात त्यातही मुख्यतः टीएचसीएच असतं, म्हणून तर ती चिलमीत भरून ओढतात. भांगेची पानं भाजतात, उकळतात, दुधात घोटतात, यामागेही तेच आहे, उष्णतेने रूप बदलतं आणि दुधातल्या स्निग्धात ते उतरतं, कारण टीएचसी पाण्यात विरघळत नाही, तेला तुपात विरघळतं. आपल्या पणज्यांना डीकार्बोक्सिलेशन शब्द माहीत नव्हता पण कृती तोंडपाठ होती.

०.८७७ हा आकडा पाठ करा

वायू उडून गेला म्हणजे वजन कमी होणार. टीएचसीएचं रेणूभार साधारण ३५८.५, टीएचसीचं ३१४.५, मधला ४४ म्हणजे गेलेला कार्बन डायऑक्साइड. ३१४.५ ला ३५८.५ ने भागा, ०.८७७ येतं. म्हणजे १ ग्रॅम शुद्ध टीएचसीए पूर्ण बदललं तर जास्तीत जास्त ८७७ मिलिग्रॅम टीएचसी मिळतं. लॅब रिपोर्टवर टोटल टीएचसी असं जे लिहितात ते असंच काढतात, टीएचसीए गुणिले ०.८७७ अधिक आधीपासून असलेलं डेल्टा-नाइन टीएचसी, म्हणजे नेहमीचं नशेचं टीएचसी.

भाच्याला मी त्या बरणीचा रिपोर्ट उघडायला लावला. बाजूला क्यूआर कोड होता तो स्कॅन केला की लॅबचं पान उघडतं, त्याला तिकडे सीओए, म्हणजे सर्टिफिकेट ऑफ ॲनालिसिस, म्हणतात. मी इकडे जेवणाच्या टेबलावर लाइटबिलाच्या पाठीमागे पेनने लिहीत होतो, तो तिकडून आकडे वाचत होता. डेल्टा-नाइन टीएचसी ०.२ टक्के. दुकानाच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात हाच आकडा होता, ०.३ टक्क्यांच्या आत, म्हणून हेम्प, म्हणून लीगल (ही मर्यादा कुठून आली ते कायद्याच्या भागात येतं). त्याच्या वरच्याच ओळीत टीएचसीए ९७ टक्के. म्हटलं आता गुण. ९७ गुणिले ०.८७७, ८५.०७. त्यात ०.२ मिळव. ८५.२७ टक्के. एक ग्रॅमची बरणी, म्हणजे साधारण ८५० मिलिग्रॅम टीएचसी. तिकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही.

८५० मिलिग्रॅम म्हणजे किती ते कळायला एक माप सांगतो. अमेरिकेच्या व्यसनविषयक राष्ट्रीय संस्थेने, नायडाने, २०२१ मध्ये संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम टीएचसी हे एक स्टँडर्ड युनिट ठरवलं. त्या हिशोबाने अंगठ्याएवढ्या बरणीत १७० युनिट भरली. ओढताना यातला मोठा भाग वाया जातो हे खरं, श्वासातून घेतलेल्यापैकी साधारण १० ते ३५ टक्केच रक्तात पोचतं, पण तरी तांदळाच्या दोन तीन दाण्यांएवढा खडा म्हणजे थोडंसंच घेतलं असं डोळ्यांना वाटतं आणि तिथेच चूक होते. फुलाशी तुलना करून बघा, २० टक्के टीएचसीए असलेलं फूल म्हणजे सुमारे १७.५ टक्के टीएचसी. कन्सन्ट्रेट, म्हणजे झाडातून वेगळी काढून दाट केलेली राळ, सर्रास ६० ते ९० च्या घरात.

रिपोर्टमध्ये अजून काय बघायचं. आधी बॅच नंबर, बरणीवरचा आणि रिपोर्टवरचा एकच आहे का, आमच्या कामात ही अगदी पहिली गोष्ट असते आणि लोक नेमकी हीच बघत नाहीत, कुठल्यातरी जुन्या चांगल्या बॅचचा रिपोर्ट कायमचा डकवून ठेवलेला असू शकतो. मग तारीख. मग लॅबचं नाव वेगळं आहे का विकणाऱ्यानेच स्वतःला सर्टिफिकेट दिलंय. मग फक्त पोटन्सीचंच, म्हणजे ताकदीचंच, पान आहे की राळ विरघळवून काढायला वापरलेले आणि मागे उरलेले सॉल्व्हंट, कीटकनाशकं, शिसं पारा असले जड धातू आणि बुरशी यांचीही पानं आहेत. एनडी लिहिलं असेल तर सापडलं नाही असा अर्थ, म्हणजे शून्य आहे असा नाही, त्या मशीनला जेवढं बारीक दिसतं त्याच्या खाली आहे एवढाच. कन्सन्ट्रेटमध्ये ही पानं जास्त महत्त्वाची, कारण राळ गोळा होताना तिच्यात विरघळणारी कीटकनाशकंही तिच्याबरोबर येऊन दाट होऊ शकतात.

अजून एक गोष्ट, ही माझ्या जिव्हाळ्याची. मोजणी कुठल्या मशीनवर केली ते बघा. एचपीएलसीमध्ये नमुना द्रवातून जातो, तापत नाही, त्यामुळे टीएचसीए आणि टीएचसी यांची दोन वेगळी शिखरं कागदावर दिसतात. गॅस क्रोमॅटोग्राफीत नमुना टोचतो तिथेच साधारण २५० अंश तापमान असतं, टीएचसीए आत शिरताशिरता बदलून जातं आणि मशीनला मुख्यतः टीएचसीच दिसतं. एकच बरणी, एका मशीनवर ०.२ टक्के, दुसऱ्या मशीनवर ऐंशीच्या आसपास, आणि दोन्ही मशीन आपापल्या जागी खरी बोलतायत. ज्याला वाटतं की पकडलं तरी लॅबमध्ये टीएचसी निघणार नाही त्याने हे वाक्य दोनदा वाचावं.

नावांचा गोंधळ

शॅटर, वॅक्स, बडर, क्रंबल, शुगर, सॉस, डायमंड, रोझिन, लाइव्ह रेझिन, डिस्टिलेट, किफ, हॅश. दुकानात ही सगळी नावं एकत्र लिहिलेली असतात आणि माणूस भांबावतो. दोन प्रश्न विचारले की निम्मा गोंधळ संपतो. राळ कशी काढली, आणि काढल्यावर ती कशी थिजली.

काढायच्या दोन तऱ्हा. एक सॉल्व्हंट न वापरता. चाळणीतून ट्रायकोम झाडून घेतले की किफ, ते दाबले की हॅश, बर्फाच्या पाण्यात हलवून वेगळे केले की आइस वॉटर हॅश, गरम दोन पट्ट्यांत दाबून रस काढला की रोझिन, आणि हाताने चोळून काढला की आपला चरस. दुसरी तऱ्हा सॉल्व्हंटची, ब्युटेन, प्रोपेन, इथेनॉल किंवा दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड, राळ त्यात उतरवायची आणि मग तो उडवून टाकायचा. झाड वाळवायच्या ऐवजी ताजं गोठवून तसंच वापरलं तर नावाला लाइव्ह लागतं, त्यात वास जास्त टिकतो. वास येतो टर्पीन नावाच्या सुगंधी द्रव्यांमुळे, लिमोनिन म्हणजे लिंबाच्या सालीतलं, कॅरिओफिलिन म्हणजे आपल्या मिऱ्यातलं, लिनालूल लॅव्हेंडरमधलं.

थिजण्याचं म्हणाल तर तूप डोळ्यासमोर आणा. एकाच लोण्याचं तूप, एकाकडे रवाळ होतं, एकाकडे गुळगुळीत, एकाकडे वर तेल आणि खाली कणी. तसंच हे. हलवलं नाही आणि पातळ थर थंड झाला की काचेसारखं शॅटर, घोटलं की लोण्यासारखं बडर, कोरडं पडून भुरभुरलं की क्रंबल, रवे धरले की शुगर. शुद्ध टीएचसीए स्फटिक धरतं, शुद्ध टीएचसी मात्र धरत नाही, ते चिकट डिंकासारखंच राहतं. म्हणून डायमंड म्हणून जे खडे विकतात ते टीएचसीएचे असतात आणि उलट डिस्टिलेट, जे तापवूनच केलेलं असतं, ते चिकट मधासारखं असतं आणि त्यात टीएचसी आयतंच तयार असतं. हा फरक लक्षात ठेवा, डिस्टिलेट नुसतं खाल्लं तरी चढतं, डायमंड तापवल्यावर. पारदर्शक आहे म्हणजे शुद्ध आहे, हे मात्र कोणी सांगितलं तर मानू नका, दिसण्यावरून ना ताकद कळते ना सॉल्व्हंट उरलाय का ते कळतं.

आणि हे घरी करून बघायचे व्हिडिओ फिरत असतात, कळकळीने सांगतो, अजिबात नाही. ब्युटेन हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत पसरतो, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना पडलेली एक ठिणगी त्याला पुरते. आपल्या स्वयंपाकाच्या सिलेंडरमध्येही प्रोपेन ब्युटेनच असतो पण त्याला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास घातलेला असतो, शुद्ध ब्युटेनला तो नसतो, खोली भरली तरी कळत नाही. अमेरिकेत यात घरं उडाली आहेत आणि माणसं होरपळली आहेत.

खाल्लं तर वेगळं, ओढलं तर वेगळं

हे काकूंच्या मुलाच्या गमीजसाठी. ओढलेलं काही मिनिटांत लागतं आणि दोन तीन तासांत बरंचसं उतरतं. खाल्लेलं पोटातून लिव्हरला जातं, तिथे टीएचसीचं ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते मेंदूत सहज शिरतं आणि जोरात लागतं. लागायला अर्धा तास ते दोन तास, आणि सहा आठ तास किंवा त्याहून जास्त टिकतं. आता नेमकं काय होतं, मुलगा एक गमी खातो, तासभर काही होत नाही, म्हणतो दम नाही यात, अजून दोन खातो, आणि मग तिन्ही एकदम चढतात. इस्पितळात पोचणाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा हीच असते. आणि लहान मूल घरात असेल तर विचारूच नका, त्याला गमी म्हणजे गोळी आणि डायमंड म्हणजे खडीसाखर.

पाकिटावर टीएचसीए गमीज लिहिलेलं असलं तरी गमी बनवताना मिश्रण किती तापवलं ते लेबलवर लिहिलेलं नसतं, रिपोर्टमध्ये डेल्टा-नाइनचा आकडा मिलिग्रॅममध्ये, एका गमीचा किती आणि पाकिटाचा किती, हे दोन्ही बघायचं. काकूंनी आणलेल्या पाकिटावर पुढे एक आकडा होता आणि मागे बारीक अक्षरात दुसरा, पुढचा पूर्ण पाकिटाचा होता आणि मागचा एकाचा. मुलगा पुढचा वाचत होता.

जास्त झालं तर छाती धडधडते, घाम, भीती, आपण मरतोय असं वाटतं, उलट्या. शांत खोलीत बसवा, पाणी द्या, एकटं सोडू नका, गाडी अजिबात चालवू देऊ नका. छातीत दुखत असेल, बेशुद्ध पडत असेल, झटका आला, भलतंसलतं दिसायला बोलायला लागला, किंवा लहान मुलाने खाल्लं असेल तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन, आणि डॉक्टरांना काय घेतलं ते खरं सांगायचं, तिथे लाजायचं नाही, लपवल्याने उपचार चुकतात. रोज जोरदार माल घेणाऱ्या काहींना वारंवार उलट्यांचा आजार लागतो, गरम पाण्याखाली उभं राहिलं की तेवढं बरं वाटतं ही त्याची खूण, आणि तो थांबवल्याशिवाय जात नाही. मेंदूचं म्हणाल तर २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझीलमधल्या ११ ठिकाणच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात १० टक्क्यांहून जास्त टीएचसीचा माल रोज घेणाऱ्यांमध्ये सायकोसिसची, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची, शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट दिसली. तिथे १० टक्के म्हणजे जोरदार धरलंय. बरणीत ८५ आहे. विशीतल्या मुलांचा मेंदू अजून घडत असतो, घरात कोणाला मानसिक आजार असेल तर धोका आणखी, म्हणून मी भाच्याला फक्त कायद्याचं नाही, हेही स्पष्ट सांगितलं.

व्हेप कार्ट्रिजबद्दल, म्हणजे वाफ ओढायच्या पेनमधल्या तेलाच्या नळीबद्दल, एवढंच की २०१९ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या गंभीर इजेची साथच आली होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण दाखल झाले किंवा दगावले, त्यातले ६८ मृत्यू. मुख्य संशय व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर, चोरट्या बाजारातल्या टीएचसी कार्ट्रिजमध्ये तेल दाट दिसावं म्हणून ते मिसळलं होतं. भारतात तर ई-सिगारेटची विक्री, आयात, साठवण २०१९ च्या कायद्याने बंदच आहे.

कायदा, तिकडचा आणि इकडचा

अमेरिकेतल्या २०१८ च्या फार्म बिलाने हेम्पची व्याख्या केली, सुक्या वजनात डेल्टा-नाइन टीएचसी ०.३ टक्क्यांपर्यंत. फक्त डेल्टा-नाइन म्हटलं, टीएचसीए नाही म्हटलं, आणि या एका शब्दाच्या फटीतून अख्खा बाजार उभा राहिला. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेने ही व्याख्या बदलून टोटल टीएचसीवर आणली, टीएचसीए धरून, आणि ती लागू व्हायला एक वर्षाची मुदत ठेवली. शिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. म्हणून तिकडे असलेल्या मुलांनी दुकानदाराच्या लीगलवर जाऊ नये, व्हिसावर असलेल्यांनी तर नाहीच, ड्रगच्या गुन्ह्याची नोंद परदेशी विद्यार्थ्याला फार महागात पडते.

आता आपल्याकडे. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्यातल्या व्याख्येत चरस म्हणजे झाडापासून वेगळी काढलेली राळ, कुठल्याही रूपातली, कच्ची असो की शुद्ध केलेली, आणि हशीश ऑइलसारखं दाट केलेलं सगळं त्यात धरलंय. इथे ०.३ टक्क्याची सोय नाही आणि ए आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. शॅटर, रोझिन, डायमंड, काहीही नाव द्या, कायद्याच्या नजरेत वेगळी काढलेली राळ. गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं आणि बिया या व्याख्येच्या बाहेर आहेत, म्हणून भांग वेगळी, पण महाराष्ट्रात तिच्यावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे, ती काही मोकाट नाही. चरसाची अल्प मात्रा १०० ग्रॅमपर्यंत, व्यावसायिक १ किलोच्या वर. अल्प मात्रेलाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत, व्यावसायिकला दहा ते वीस वर्षं. आणि एप्रिल २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मिश्रण असेल तर त्यातलं शुद्ध ड्रग नाही, पूर्ण मिश्रणाचं वजन धरायचं. गमीजचा विचार करा, साखर जिलेटिनसकट वजन. परदेशातून आणणं हा तर वेगळा कलम २३ चा गुन्हा. लोहगाव विमानतळावर बॅग उघडली की तिथे टेक्सासच्या दुकानाचं बिल दाखवून काही होत नाही.

भाच्याचा शेवटचा प्रश्न ड्रग टेस्टचा होता, इंटर्नशिपच्या आधी करतात तिकडे. त्याला वाटत होतं टेस्टमध्ये टीएचसी शोधतात, टीएचसीए नाही. लघवीच्या टेस्टमध्ये शोधतात ते टीएचसी-सीओओएच, म्हणजे टीएचसी शरीरात मोडल्यावर लिव्हरमध्ये बनणारा पदार्थ. नावात तोच कार्बोक्झिल गट असल्याने नेटवर लोक हे आणि टीएचसीए एकच समजतात, पण तो गट इथे रेणूच्या दुसऱ्या टोकाला असतो, वस्तू वेगळी आहे. टीएचसीए तापवून ओढलं की ते टीएचसी झालेलंच असतं, आणि मग हा पदार्थ निघणारच. चरबीत साठत असल्याने रोज घेणाऱ्याचा रिपोर्ट थांबवल्यावरही काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकतो.

काकूंना मी वेगळं सांगितलं. मुलाच्या बॅगेत पाकीट मिळालं तर पहिल्या दिवशी आरडाओरडा करू नका, पाकीट मागून रिपोर्ट वाचा, किती दिवस आणि किती घेतोय ते विचारा. झोप, अभ्यास, बोलणं बदललं असेल तर एकट्याने लढू नका. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं, घरच्यांशीही तिथे बोलतात. फोनवर बोलायचं तर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६, मराठीतून बोलता येतं, आणि व्यसनासाठी सरकारी हेल्पलाइन १४४४६. आणि ही भीती काढून टाका की मदत मागितली तर पोलीस येतील, त्याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४ए आहे, अल्प मात्रेच्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. काकूंनी हा कलम नंबर डायरीत लिहून घेतला, खाली १४४१६ लिहिलं, आणि त्याच संध्याकाळी मुलाला घेऊन टेकडीवर चालायला गेल्या.